काचेवर राहिलेला कागद

अण्णा, परवा वहिनीने तुझ्या दुकानाचं शटर उघडलं आणि मला आत बोलावलं. तुला जाऊन सतरा दिवस झाले होते. झेरॉक्स मशीनवर तिने स्वतःची जुनी साडी घातली होती, आजारी माणसावर पांघरूण घालतात तशी. मला म्हणाली, "हिराबाय, तुझा काय असात ता बघून घी गो. माका ह्यातला काय एक कळना नाय." मी म्हटलं, माझं इथे काय असणार? माझं सगळं कोर्टात आहे. पण बोलता बोलता नजर गेलीच वरच्या फळीवर, तुझ्या त्या दोन पत्र्याच्या डब्यांकडे, आणि मला रडू फुटलं. तुला नेलं त्या दिवशी मी रडले नव्हते. लोकांना वाटलं असेल, काय निबर बाई आहे. त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलेली होते रे. मेलेल्या माणसावर चिडलेली.

तुझा जन्म कुठला, गाव कुठलं, आधी नोकरी कुठे केलीस, हे सगळं वहिनी सांगेल कुणाला हवं तर. मला ते नाही सांगायचं. आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि त्यात चूक माझी होती, हे सांगायचंय. तू जिवंत असतास तर मी हे मरेपर्यंत कबूल केलं नसतं. म्हणून आधीच लिहून टाकते, नंतर हिंमत राहील न राहील.

आपली ओळख झाली तीच माझ्या आयच्या धांदलीमुळे. मनोरीत आमच्या घरामागे खाडीच्या अंगाला आमचं खळं आहे, बोंबील वाळवायची मोकळी जागा. आज्याच्या काळापासून तिथे बांबूच्या वलांड्या उभ्या आहेत आणि त्यांवर तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने बोंबील टांगलेले. आम्ही सहा घरच्या बायका त्या एका खळ्यावर जगतो. शेजारची जमीन ज्यांची, त्यांच्या नातवंडांनी ती बोरिवलीच्या एका माणसाला विकली. त्याला सुट्टीच्या पाहुण्यांसाठी बंगले बांधायचे होते, आणि पाहुण्यांना बोंबलाचा वास चालणार नव्हता. एक दिवस तो आला, आमच्या वलांड्यांच्या मधूनच दोरी ताणली आणि म्हणाला, हे खळं माझ्या जमिनीत येतं. मी हसले. कारण आमच्याकडे कागद होता. त्या जमिनीच्या जुन्या मालकाने चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या बाला स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं, की खळं तुमच्याच वहिवाटीचं, आमचा त्यावर काही हक्क नाही. खाली त्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. तिघेही आता वर गेले. आयने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. ती गेल्यावर मी तो काढला आणि वकीलबाईंनी प्रती मागितल्या म्हणून अंधेरीला, कोर्टामागच्या गल्लीत, तुझ्या दुकानात आले.

तू कागद हातात घेतलास. उजेडाकडे धरलास, उलटा केलास, बोटाने चाचपलास. एरवी तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "पाठपोट?" त्या दिवशी तो विचारलाच नाहीस.

"बाई, ही झेरॉक्स आहे."

"काय बोलतोस?"

"झेरॉक्सची झेरॉक्स देतो काढून, पण ओरिजिनल कुठाय?"

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. म्हटलं, ट्रंकेत हाच होता, दुसरा कुठला आणू? तू परत कागद वाचलास, 'मौजे मनोरी' या शब्दांवर बोट ठेवलंस, आणि स्टुलावर चढलास. पत्र्याचा डबा खाली आला. त्यावर तू खडूने लिहिलं होतंस, 'वाट बघणारे'. आत सगळे ब्राउन लिफाफे. लोक घाईत प्रत घेऊन जातात आणि मूळ कागद मशीनच्या काचेवर विसरतात, ते सगळे तू जपून ठेवलेले. कुणाचं दहावीचं मार्कशीट, कुणाचं रेशनकार्ड, एका जोडप्याचा लग्नाचा दाखला. आणि एका लिफाफ्यात माझ्या बाचा कागद! लिफाफ्यावर तुझं ते ठसठशीत, डावीकडे झुकणारं अक्षर. वर तारीख आणि खाली: 'बोंबीलवाली मावशी. निळं लुगडं. बोट चुकेल म्हणून घाईत गेली. कागद काचेवर राहिला. परत येईल.'

अकरा वर्षं झाली होती त्या तारखेला. आय तेव्हा अंधेरीच्या बाजारात बसायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि तिने अंधेरी सोडली. वाचता येत नसे तिला. तिच्या लेखी कागद तो कागद. अकरा वर्षं ती ट्रंकेला हात लावून म्हणायची, माझं खळं इथे आहे. आणि खळं तुझ्या डब्यात होतं.

मी तुझ्यावर ओरडले, आठवतंय? उपकार मानायचं सोडून ओरडले, की शोधता नाही आलं का तुला? कागदावर नाव आहे, गाव आहे! तू शांतपणे सांगितलंस, एका रविवारी मार्व्याहून बोट पकडून मनोरीला गेला होतास. सगळ्या आळीत नाव विचारलंस, कुणालाच माहीत नाही. असणार कसं! माझ्या बाला अख्खं गाव बाळ्या तांडेल म्हणायचं. कागदावरचं नाव त्याला स्वतःलासुद्धा आठवायला वेळ लागायचा. मग मी हसले, तूही हसलास, आणि चहा मागवलास.

त्यानंतर मी दर आठवड्याला यायला लागले. कोर्टात तारीख असो नसो. तू माझ्याहून वयाने बराच मोठा, पण आमच्यात मोठ्यांनाही तूच म्हणतात, आणि तुझ्या मालवणातही तसंच, त्यामुळे चटकन सूत जुळलं. तेव्हा मला तुझा दुसरा डबा कळला. त्यावर लिहिलेलं, 'नापास'. वकील लोक कायद्याची पुस्तकं आणून पानं काढून घेत. त्यात जी तिरकी यायची, फिकी यायची, कडेला कापली जायची, ती तू फेकायचा नाहीस. गिऱ्हाईक नसलं की ती वाचायचास. अशी चोवीस वर्षं! सरतपासणी म्हणजे आपल्या बाजूने आपलं म्हणणं मांडणं, उलटतपासणी म्हणजे समोरच्या वकिलाने ते उसवून बघणं, हे मला वकीलबाईंच्याही आधी तू सांगितलंस. मार्जिन सोड, फाइलीला भोक पडतं तिथलं अक्षर जातं, हेही तूच. गल्लीतले नवे वकील तुला हळूच विचारायचे, अण्णा, हा अर्ज कुठल्या नियमाखाली जातो हो? आणि तू चष्मा वर सारून एवढ्या ऐटीत उत्तर द्यायचास ना, की मला हसू आवरायचं नाही.

फक्त एक होतं अण्णा. तुझ्याकडे कायदा होता, पण सलग नव्हता. एकवीस नंतर एकदम चव्वेचाळीस. कलमाचा वरचा भाग आहे, खालचा कापलेला. तुलाही ते ठाऊक होतं. म्हणून कुणी विचारलं की सांगून झाल्यावर म्हणायचास, "माझ्या पानात तरी असंच आहे. पुस्तक बघून घे." मी म्हणायचे, मग तूच एक पुस्तक घेऊन टाक ना अख्खं! त्यावर तू नापास डबा उगाच सरळ करायचास. मला वाटतं तुला ते नापास पानांशी बेइमानी केल्यासारखं वाटत असावं. आता विचारायचं कुणाला?

त्या एका दुपारवर येते. यायलाच हवं.

वकीलबाईंनी सांगितलं होतं, तीस वर्षांहून जुना कागद असेल आणि तो योग्य ताब्यातून कोर्टात आला असेल, तर सह्या खऱ्या आहेत असं कोर्ट धरून चालू शकतं. सही करणारे मेलेले, साक्षीदार मेलेले, आपल्याला दुसरा आधार नाही. मग त्यांनी विचारलं, "कागद आजवर कुठे होता?" आणि मी पटकन म्हटलं, "घरीच, ट्रंकेत." तू बाजूला बसला होतास. तू माझ्याकडे बघितलंस.

बाहेर आल्यावर तू म्हणालास, असं का सांगितलंस? मी म्हटलं, योग्य ताबा म्हणजे घर. झेरॉक्सवाल्याच्या बिस्किटांच्या डब्याला कोण योग्य म्हणेल? दुकानात येऊन तू पुराव्याच्या नव्या कायद्याचं पान काढलंस, ब्याण्णवाव्या कलमाचं. पान सरळ होतं, नापास झालं होतं फक्त शाई पसरली म्हणून. खाली एक ओळ होती, की ऐंशीव्या कलमाचं स्पष्टीकरण इथेही लागू. तू म्हणालास, "ऐंशीचं पान माझ्याकडे नाही. ते बघितल्याशिवाय प्रतिज्ञापत्रावर सही नको करूया." मी लगेच फोन काढला आणि अनुक्रमणिका बघितली. ऐंशीचं नाव होतं राजपत्रं आणि वर्तमानपत्रांबद्दल. मी तुझ्या तोंडासमोर फोन नाचवला. "हे बघ! वर्तमानपत्रं! आमच्या खळ्याचा आणि वर्तमानपत्राचा काय संबंध? मी काय बोंबील बांधून देते त्यात?" तू म्हणालास, "नुसतं नाव नको बघू, आतलं वाच." मी नाही वाचलं. फोन पिशवीत टाकला. बोटीची वेळ झाली होती.

एवढंच. आत उघडून चार ओळी वाचायच्या होत्या. पुढचं सगळं त्या चार ओळी न वाचल्यामुळे झालं.

तू माझा साक्षीदार होतास, मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला बाहेरचा माणूस. तुझं प्रतिज्ञापत्र तयार झालं. इंग्रजीत टाइप केलेलं वकीलबाईंनी मराठीत वाचून दाखवलं. त्यात होतं, की अकरा वर्षांपूर्वी मूळ कागदाची प्रत मी काढली आणि कागद त्या बाईला त्याच वेळी परत दिला. त्याच वेळी परत दिला! तू तिथे पेन धरून किती वेळ बसलास. वकीलबाई म्हणाल्या, "काही चुकलंय का काका?" मी टेबलाखालून तुझ्या पायाला पाय लावला. तू सही केलीस. मग शपथेचा शिक्का मारणाऱ्या माणसासमोर उभा राहिलास आणि 'वरील मजकूर खरा आहे' असं म्हणालास. चोवीस वर्षं ज्या शिक्क्याच्या प्रती काढल्यास, तो पहिल्यांदा तुझ्या स्वतःच्या कागदावर बसला, आणि तो खोट्यावर.

माझंही प्रतिज्ञापत्र झालं, त्यात 'घरीच, ट्रंकेत'. आता उरली होती दोघांची उलटतपासणी. तारखा पडत गेल्या. कधी समोरचे वकील नाहीत, कधी न्यायाधीश रजेवर. त्या काळात आपण दुकानात सराव करायचो. तू हातात स्टेपलर घेऊन समोरचा वकील व्हायचास. "बाई, आपण किती वर्षं बोंबील वाळवता?" मी सुरू व्हायचे, कार्तिकातला बोंबील वेगळा, माघातला वेगळा, आणि तू स्टेपलर आपटायचास. "विचारलं तेवढंच! किती वर्षं?" "पस्तीस." "झकास. पुढे." शेजारचा टायपिस्ट हसून हसून बेजार व्हायचा. पण मी स्टेपलर घेतला आणि तुला विचारलं, "कागद केव्हा परत दिलात?" की तू उठून मशीनची काच पुसायला लागायचास. मी ते बघत होते अण्णा. बघून न बघितल्यासारखं करत होते.

मग तुझा फोन आला. मी खळ्यावर होते, हात मिठाने भरलेले. तू म्हणालास, "हिराबाय, ऐंशीचं पान मिळालं. एक वकीलसाहेब आले होते, त्यांच्याकडून मागून घेतलं. अगं ऐक, आपल्याला खोटं सांगायची..." मी मध्येच तोडलं. म्हटलं, आता पान-बिन काही काढू नको, सही झालीय, शिक्का झालाय. तू कोर्टात लिहिलंय तेवढंच बोल.

चिडलास की तुझी मालवणी वर यायची. तू चिडला नव्हतास, तरी ती आली. "माका खोटा बोलूक जमाचा नाय गो."

मी म्हटलं, "मग येऊ नको! सहा घरांच्या पोटावर पाय ठेव आणि बस तुझी पानं वाचत!" आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तू दोनदा केलास. मी उचलला नाही. सहाव्या दिवशी सकाळी शटर उचलताना तू खाली कोसळलास. शेजारच्या टायपिस्टने मला कळवलं. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आला म्हणून सांगते, लाज वाटते तरी. मनात आलं, आता हा उलटतपासणीला उभा राहणार नाही.

माफ कर रे.

तू गेल्यावर सहा दिवसांनी वकीलबाईंनी मला पुढचं समजावलं. समोरचे म्हणणार, साक्षीदाराची उलटतपासणी झाली नाही, त्याचं म्हणणं काढून टाका. आपण म्हणायचं, ठेवा, त्याला वजन किती द्यायचं ते न्यायाधीश ठरवतील. "आपल्याला संधी आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे बघ, तुझं खोटं अजून माझ्या कामाचं होतं. आता त्याला उसवणारं कुणी उरलं नव्हतं. कागद कुठून आला हे माहीत असलेली मी एकटी. तोंड बंद ठेवलं असतं तर खळं कदाचित वाचलंही असतं. अकरा दिवस मी तोंड बंद ठेवूनच होते.

आणि मग परवा वहिनीने शटर उघडलं. मी 'वाट बघणारे' डबा खाली घेतला. सगळ्यात पुढे नवाकोरा लिफाफा. त्यावर तुझ्या फोनची तारीख आणि तुझं अक्षर: 'हिराबाय. फोनवर रागावली. ऐंशीचं पान. परत येईल.'

आत ते पान होतं. सरळ, स्वच्छ, एक अक्षरही न कापलेलं. वर राजपत्रं आणि वर्तमानपत्रंच होती. पण तळाशी स्पष्टीकरण होतं आणि ते तू पेन्सिलीने अधोरेखित केलं होतंस. सरळ भाषेत एवढंच, की कागद जिथे असायला हवा तिथे असला तर ताबा योग्यच. पण दुसरीकडे असला आणि तिथे तो भल्या मार्गाने गेल्याचं दाखवता आलं, तर तोही ताबा अयोग्य नाही. म्हणजे तुझा डबा चालला असता! आय कागद विसरली, तू जपलास, परत दिलास. हे जसं घडलं तसं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. आपण दोघं मिळून, कायदा वाचून, कायद्याला गरजच नसलेलं खोटं बोललो होतो.

त्या पानामागे आणखी एक लिफाफा होता, जुना, रिकामा. आयचा. निळं लुगडं, बोट चुकेल म्हणून घाईत गेली. मी कागद काढून नेला तेव्हा रिकामा लिफाफाही तू फेकला नव्हतास. तो तू पानाला टाचून ठेवला होतास, त्याच स्टेपलरने. म्हणजे तू कोर्टात काय बोलणार होतास ते मला कळलं. वहिनीला हाक मारली. तिला सगळं सांगितलं, पाय लावल्याचंसुद्धा. मला वाटलं ती मला हाकलून देईल. ती म्हणाली, "त्या सहीपासून तेका झोप नव्हती गो. माका वाटला, तब्येतीन." मग मशीनवरची साडी नीट करत म्हणाली, "खरा काय ता सांगून टाक. तेच्या नावाचा काय व्हायचा ता होवंदे."

काल वकीलबाईंकडे गेले. त्या भडकल्या. भडकणारच. "मला का नाही विचारलंत? मी कशासाठी बसलेय इथे? पहिल्याच दिवशी पुस्तक उघडून दाखवलं असतं!" खरं उत्तर हे होतं की तुझ्यावर माझा जास्त विश्वास होता, आणि तुझ्यापेक्षाही जास्त माझ्या स्वतःच्या अकलेवर. राग ओसरल्यावर त्यांनी दोन्ही लिफाफे समोर ठेवले, आणि जुन्या लिफाफ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे केव्हा लिहिलंय?" म्हटलं, त्याच दिवशी. "असं प्रत्येकावर लिहायचे?" म्हटलं, प्रत्येकावर. रोजचं काम होतं त्याचं.

मग त्यांनी मला एक कलम वाचायला दिलं. मी ते आधीच वाचलं होतं, अण्णा. परवा तुझ्या दुकानातून निघाले ती सरळ पुस्तकवाल्याकडे गेले आणि अख्खं पुस्तक विकत घेतलं. बोटीत बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, एकही पान न गाळता. सव्विसावं कलम आलं. माणूस मेला असेल, तर त्याने आपल्या धंद्याच्या नेहमीच्या रिवाजात लिहून ठेवलेलं कोर्ट पुरावा म्हणून ऐकतं. मेला असेल तर. तू जिवंत असतास तर कोर्ट म्हणालं असतं, लिफाफा राहू द्या, माणसाला उभं करा. तुझं ते चार ओळींचं खरं आता चालतं, कारण तू नाहीस. बोट खाडीच्या मध्यावर होती आणि मी पुस्तक मिटून तशीच बसले. शेजारची बाई म्हणाली, काय गं, बोट लागली का? म्हटलं, हो.

तर आता असं ठरलंय. मी कोर्टात उभी राहणार आणि सगळं सांगणार. तुझं प्रतिज्ञापत्र खोटं आहे आणि ते मी करायला लावलं, हेही. तुझा सगळा डबा कोर्टात जाणार, तुझी सवय दाखवायला. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय, समोरचे माझी पार सालं काढतील, एकदा खोटं बोललेल्या बाईवर आता का विश्वास ठेवायचा म्हणतील, आणि न्यायाधीशांना ते पटलं तर खळं जाईल. सहा घरच्या बायकांना मी खळ्यावर बोलावून हे सांगितलं. एक उठून बोंबील उलटे करायला लागली, मग बाकीच्याही. मला भीती वाटते रे. स्टेपलर घेऊन समोर तू उभा असतास तर बरं झालं असतं.

आणखी एक काम होतं. ते कलम लावायचं तर तू मेलास हे आधी सिद्ध करावं लागतं. माझं म्हणणं पुरत नाही, दाखला लागतो. वहिनीने तुझ्या मृत्यूचा दाखला दिला, त्याच्या तीन प्रती हव्या होत्या. तुझ्या गल्लीत तुझं दुकान बंद. मी मेट्रोच्या जिन्याखालच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने "पाठपोट?" विचारलं नाही. तीन प्रती घेतल्या, पिशवीत घातल्या, आणि मार्व्याच्या धक्क्यावर येऊन रांगेत उभी राहिल्यावर पिशवी उघडली. तीन प्रती. नुसत्या प्रतीच.

आयची लेक मी, दुसरं काय होणार!

तशीच उलटी गेले. स्टेशनकडे जाणारी बस मिळेना, अर्धं अंतर धावत. दाखला होता. त्या माणसाने तो मशीनच्या बाजूला काढून ठेवला होता, वर चहाचा ग्लास. त्याची काही चूक नाही. पण त्या कागदावर कुणी काही लिहिलं नव्हतं. कोणाचा, कोण विसरलं, कशी बाई होती, काही नाही. मी घेतला, पदराने पुसला.

घरी येऊन ब्राउन लिफाफा काढला. तुझ्यासारखं वर तारीख घातली आणि लिहायला घेतलं. 'अण्णा, झेरॉक्सवाले. जाड चष्मा. कागद काचेवर राहिला, बाई परत जाऊन घेऊन आली.' पुढची ओळ हातात आलीच होती. तुझ्या डब्यातला एकेक लिफाफा मी दोन दिवस वाचतेय, प्रत्येकाच्या शेवटी तेच, परत येईल, परत येईल. पेन कागदावर टेकवलं होतं.

नाही लिहिलं अण्णा. आता खोटं लिहायचं नाही.